पहाटे तीनला उठवणारा दमा

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून मला लहानपणापासून दमा आहे. दिवसभर काहीही त्रास नसतो. जिने चढते, सगळी कामे करते. मात्र गेल्या तीन महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन जाग येते, छाती आवळल्यासारखी होते आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. उशाशी ठेवलेल्या पंपाचे दोन पफ घेऊन खिडकीपाशी अर्धा तास बसले की बरे वाटते. डॉक्टरांनी रोज घेण्यासाठी दुसराही एक पंप दिला होता. पण त्यात स्टेरॉइड असल्याचे समजले आणि तेव्हा त्रासही नव्हता, म्हणून सहा महिन्यांपूर्वी तो मी बंद केला. झोपण्यापूर्वीच खबरदारी म्हणून दोन पफ घेतले तर चालेल का? खिडकी उघडी ठेवून झोपावे का? रुग्णालयात जाण्याची वेळ आली आहे हे रात्री कसे ओळखायचे? प्रत्येक वेळी पतीला उठवणे जिवावर येते.

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘दिवसभर काहीही त्रास नसतो’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण तुमची गफलत नेमकी तिथेच होते आहे. दमा आटोक्यात आहे की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टर गेल्या चार आठवड्यांबद्दल चार साधे प्रश्न विचारतात : दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, तात्काळ आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, दम्यामुळे कुठले काम टाळावे लागले का, आणि दम्यामुळे रात्री जाग आली का. पहिल्या दोन प्रश्नांत थोडीफार सवलत आहे, पण शेवटच्या दोन प्रश्नांत मुळीच नाही. चार आठवड्यांत एकदा जरी दम्याने जाग आली, तरी तो पूर्ण आटोक्यात आहे असे मानले जात नाही. तुम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा जाग येते. त्यामुळे तुमचा आजार रात्रीपुरता आहे असे मला वाटत नाही. तो दिवसाही असतोच. दिवसा शरीर त्याला झाकून ठेवू शकते आणि पहाटे ते जमत नाही, एवढाच फरक आहे.

हे झाकणे आणि उघडे पडणे कसे घडते, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. प्रत्येक माणसाच्या श्वासनलिका दिवसाच्या चोवीस तासांत थोड्या रुंद आणि थोड्या अरुंद होत असतात. दुपारी चारच्या आसपास त्या सर्वाधिक मोकळ्या असतात आणि पहाटे चारच्या आसपास सर्वाधिक अरुंद. शरीरात तयार होणारे कॉर्टिसोल हे सूज आवरणारे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. श्वासनलिका सैल ठेवणारे ॲड्रिनलिन पहाटेच्या आधी तळाला जाते. आणि श्वासनलिकांचे स्नायू आवळणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर रात्री वाढतो. त्यातच आडवे झाल्यावर पोटाचा दाब छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा वर ढकलतो, फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि बारीक नलिकांना उघडे राहण्यासाठी मिळणारा आधारही घटतो. निरोगी माणसाच्या बाबतीतही हे सगळे घडते. फक्त त्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या नलिकांत भरपूर जागा शिल्लक असते.

तुमच्या नलिकांच्या आतल्या अस्तराला मात्र आधीच सूज आहे. नळी अरुंद होते तेव्हा हवेला होणारा अडथळा त्याच प्रमाणात न वाढता कितीतरी पटींनी वाढतो. सरळ वाहत्या प्रवाहासाठी भौतिकशास्त्राचा हिशेब असा आहे की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा १६ पट होतो. म्हणून सुजेमुळे दिवसा थोडीशी आक्रसलेली नलिका तुम्हाला जाणवत नाही, पण तिच्यात पहाटेच्या नैसर्गिक आक्रसण्याची भर पडली की खोकला, घरघर आणि शिट्टी एकदम सुरू होते. दिवसाची थकबाकी पहाटे वसूल होते ती अशी.

रात्री दमा बळावतो हे निरीक्षण जुनेच आहे. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर यांना स्वतःला दमा होता आणि झोपेत, मध्यरात्रीनंतर येणाऱ्या झटक्यांविषयी त्यांनी १६९८ मध्येच लिहून ठेवले आहे. हा दोष झोपेचा, आडवे होण्याचा, गादीचा की शरीरातल्या घड्याळाचा, हा वाद मात्र पुढे बराच काळ रेंगाळला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा असलेल्या १७ जणांना प्रयोगशाळेत अशा रीतीने ठेवण्यात आले की झोप, हालचाल, आहार आणि उजेड यांचा परिणाम वेगळा काढता यावा. तरीही शरीराच्या घड्याळाप्रमाणे जी रात्र होती, त्या वेळी फुप्फुसांची क्षमता घसरली आणि आराम देणाऱ्या पंपाची गरज दिवसापेक्षा कितीतरी जास्त भासली. गादी-उशीचा दोष नसतो असा याचा अर्थ नाही. पण सगळा दोष गादी-उशीवर ढकलून भागत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या उशाशी असलेला पंप बहुधा सालब्युटामॉलचा असावा. ते औषध काही मिनिटांत स्नायू सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. रात्री अकराला खबरदारी म्हणून दोन पफ घेतले, तर पहाटे तीन-चारला, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, त्याचा जोर ओसरत आलेला असेल. शिवाय सुजेवर हे औषध काहीच करत नाही, आणि ते रोजच्या रोज घेत राहिले की शरीर त्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. म्हणून खबरदारीचे पफ घेऊ नका. यावर ‘मग बारा तास टिकणारे औषध घेते’ असा विचार मनात येणे साहजिक आहे, पण दम्यात ते औषध स्टेरॉइडच्या जोडीशिवाय एकटे घेणे धोक्याचे ठरलेले आहे. ते कोणाच्याही सांगण्यावरून आणू नका. पंप किती खपतो याचीही नोंद ठेवा. २०० पफांचे तीन किंवा त्याहून अधिक पंप एका वर्षात संपत असतील, तर गंभीर झटका येण्याचा धोका वाढलेला असतो.

तुम्ही बंद केलेला पंप हेच खरे औषध होते. तो बंद केल्यावर तीन महिने बरे गेले आणि मग जाग येऊ लागली, यात आश्चर्य काहीच नाही. सूज पुन्हा साठायला वेळ लागतो, आणि तोवर औषध अनावश्यक होते असा आपला समज झालेला असतो. स्टेरॉइड या शब्दाची भीती मी समजू शकतो, पण मात्रेचा हिशेब एकदा पाहा. श्वासावाटे घ्यायच्या बुडेसोनाइडची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. झटका हाताबाहेर गेला तर प्रौढांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० ते ५०,००० मायक्रोग्रॅम, असे पाच-सात दिवस द्याव्या लागतात आणि त्या सगळ्या शरीरभर पसरतात. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्याने ही तुलना तंतोतंत नाही, परंतु रोजचा पंप टाळून आपण स्टेरॉइड टाळतो आहोत असे वाटत असेल, तर प्रत्यक्षात मोठ्या मात्रेचीच वाट मोकळी होते आहे. या पंपाची सवयही लागत नाही. त्याचे नेहमी आढळणारे त्रास म्हणजे घसा बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे. पंप घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकून टाकले तर दोन्ही बरेचसे टळतात.

तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि पंप बंद केल्याचे स्पष्ट सांगा. रुग्ण ही गोष्ट लपवतात, डॉक्टरांना वाटते औषध कमी पडते आहे, आणि मग गरज नसताना मात्रा वाढवली जाते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता रुग्णाला आधी तेच विचारतो. आणखी एक गोष्ट त्यांना विचारता येईल. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये असे म्हटले आहे. त्याऐवजी स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजसाठी आणि त्रास होईल तेव्हाही वापरण्याची पद्धत त्यात सुचवली आहे. फॉर्मोटेरॉल लवकर काम सुरू करते आणि बारा तास टिकते. प्रत्येक वेळी त्याच्यासोबत सूज कमी करणारे औषधही आपोआप पोटात नव्हे, थेट श्वासनलिकेत जाते. तुमच्यासारख्या, रोजचा पंप विसरणाऱ्या किंवा टाळणाऱ्या माणसाला ही पद्धत सोयीची पडते. रात्रीच्या दम्यासाठी माँटेलुकास्टची गोळीही पुष्कळदा दिली जाते. काहींना तिचा उपयोग होतो. परंतु भयानक स्वप्ने, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे मनावरचे परिणाम काही जणांत दिसल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. ती गोळी सुरू केल्यावर झोप किंवा मनःस्थिती बदलली, तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर पफ घेऊन दाखवा. वर्षानुवर्षे पंप वापरणाऱ्यांपैकीही बहुतेकांची पद्धत कुठे ना कुठे चुकते, आणि औषध जिभेवर व घशातच बसते. दाबायचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावेत, हळू आणि खोल श्वास घेण्यास सुरुवात करतानाच पंप दाबावा आणि दहापर्यंत मोजेतो श्वास रोखून धरावा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. पावडरच्या इनहेलरचे नेमके उलट आहे, तिथे श्वास जोरात आणि वेगाने ओढावा लागतो. दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावला तर पहाटे हात थरथरत असतानाही औषध बरोबर पोचते. पंपाचा आकडा शून्यावर आला तरी दाबल्यावर फवारा येत राहतो, पण त्यात औषध असेलच असे नाही, हेही लक्षात ठेवा.

झोपण्याच्या खोलीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण लोक इथे खर्च खूप करतात आणि तोही चुकीच्या जागी. गादी, उशी आणि पांघरुणात धूलिकण-माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. आपल्या त्वचेचे गळलेले कण हे त्यांचे खाद्य असते आणि हवेतल्या दमटपणावर ते जगतात. ॲलर्जी त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची असते आणि आपण सात-आठ तास त्यांतच नाक खुपसून झोपतो. त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीत तुम्हाला त्यांची ॲलर्जी आढळली, तर गादी-उशीला त्यांना अडवणारी घट्ट विणीची खोळ घालावी, चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावेत आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. यातला एकच उपाय केला तर सहसा काही फरक पडत नाही. करायचे तर सगळे मिळून. ॲलर्जीच नसेल तर महागड्या खोळींवर पैसे घालवू नका. हवा दमट करणारे यंत्र खोलीत ठेवले, तर माइट आणि बुरशी दोघांचीही सोय होते. पाळीव प्राणी असेल तर त्याची झोपायची जागा वेगळी करा. भिंतीवर ओल असेल तर रंग देऊन झाकण्याऐवजी तिचे मूळ दुरुस्त करा. घरात कोणी धूम्रपान करत असेल, तर बाकीच्या सगळ्या उपायांवर पाणी पडते.

खिडकीचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. तिच्यापाशी बसून बरे वाटते त्याचे श्रेय मोकळ्या हवेला देण्याची घाई करू नका; तुम्ही त्या वेळी ताठ बसलेल्या असता आणि पंपाचे औषध दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागलेले असते. बाहेरची हवा थंड, धुराची किंवा परागकणांची असेल तर खिडकी बंद ठेवून झोपणे बरे. तसे काही नसेल आणि खोली कोंदट होत असेल तर उघडी ठेवावी. दोन आठवडे दोन्ही पद्धतींनी झोपून पाहिलेत, तर तुमच्यापुरते उत्तर तुम्हालाच मिळेल.

नाक आणि पोट यांच्याकडेही पाहावे लागेल. सर्दी-ॲलर्जीने नाक चोंदत असेल तर रात्री तोंडाने श्वास घेतला जातो, नाकातला स्राव घशात उतरतो आणि खोकला सुरू होतो. अशा वेळी नाकाचा उपचार केल्यावाचून छातीचा त्रास पुरता थांबत नाही. छातीत जळजळ होत असेल किंवा आंबट पाणी घशाशी येत असेल, तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या जास्तीच्या उशा घेतल्या तर मान तेवढी वाकते. जळजळ मुळीच नसेल, तर दम्यासाठी म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहण्याचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांत दिसले आहे.

पहाटेची प्रत्येक धाप दम्याचीच असते असेही नाही. आडवे झाल्यावर तासा-दोन तासांत धाप लागून उठावे लागत असेल आणि पायांवर सूज येत असेल, तर हृदय तपासावे लागते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा डुलक्या लागणे हे निद्राश्वासरोधाचे लक्षण असू शकते, आणि तो दम्याच्या जोडीनेही असू शकतो. औषधांचाही हिशेब द्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल, कोरडा खोकला येतो. प्रोप्रानोलोलने आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलोलच्या थेंबांनीसुद्धा दमा उसळू शकतो. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन चालत नाहीत. तुमच्या पत्रातली शिट्टी आणि पंपाने मिळणारा आराम पाहता माझा कल दम्याकडेच आहे, पण पत्रावरून निदान करू नये एवढे मी जाणतो.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत एक काम करून ठेवा. पीक फ्लो मीटर नावाचे साधे, हातात मावणारे उपकरण मिळते. सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी, पंप घेण्यापूर्वी, तीनदा जोराने फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. समजा सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३८० आले. फरक ८०, दोन्हींची सरासरी ३४०, म्हणजे चढउतार सुमारे साडेतेवीस टक्के. दोन आठवड्यांच्या अशा चढउतारांची सरासरी प्रौढांमध्ये १० टक्क्यांच्या वर असेल, तर तो जास्त धरतात. शेजारी जाग आल्याची वेळ, घेतलेले पफ, रात्रीचे जेवण किती वाजता झाले, आणि मासिक पाळीच्या तारखाही लिहा. काही स्त्रियांचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत बळावतो, आणि ते वहीत उतरल्याशिवाय कोणाच्याच ध्यानात येत नाही. रोजचा पंप पुन्हा सुरू झाला की काही दिवसांत फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला काही आठवडे लागतात. आकडे तो फरक तुमच्याआधी ओळखतील.

राहिला रुग्णालयाचा प्रश्न. जाग आल्यावर आडवे राहू नका, ताठ बसा आणि दिवा लावा. सालब्युटामॉलचा एक-एक पफ, शक्य तर स्पेसरमधून, अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने घ्या. गरज भासली तर असे जास्तीत जास्त दहा. दहा पफांनंतरही आराम नसेल किंवा मध्येच त्रास वाढत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. फॉर्मोटेरॉलच्या पंपाची मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक वाक्य एका दमात पुरे करता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर-राखाडी दिसत असतील, श्वास घेताना गळ्याचे स्नायू ताणले जात असतील, गुंगी किंवा गोंधळलेपण येत असेल, किंवा पीक फ्लो तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर पफ मोजत बसू नका, मदत आधी बोलवा आणि ती येईपर्यंत पफ चालू ठेवा. धाप तशीच असून शिट्टी एकदम थांबली, तर ती सुधारणा समजू नका. नलिकांतून आवाज होण्याइतकीही हवा जात नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. पफांचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी झोपेची गोळी किंवा खोकला दाबणारे गुंगीचे औषध मुळीच घेऊ नका. वाफ घेतल्याने दम्याचा झटका ओसरत नाही, उलट अंधारात उकळते पाणी अंगावर सांडण्याचा धोका असतो.

आणि पतीला उठवा, प्रत्येक वेळी. झटका वाढत असताना रुग्णाला स्वतःला तो नेमका ओळखता येत नाही, आणि ओळखला तरी दूरध्वनीवर पत्ता सांगण्याइतका श्वास उरलेला नसतो. त्यांना दिवसा, निवांतपणे, स्पेसर कसा जोडायचा ते दाखवा, वरची लक्षणे एका कागदावर लिहून पलंगाशेजारी चिकटवा आणि पंप, स्पेसर, मीटर व रुग्णवाहिकेचा क्रमांक दोघांनाही अंधारात सापडेल अशा एकाच ठिकाणी ठेवा.